डिकीतली बर्फाची लादी : लीझे स्पिट यांची 'हेट स्मेल्ट'

एका विद्यापीठाने एका समकालीन फ्लेमिश (म्हणजे बेल्जियममधल्या डच बोलणाऱ्या भागातल्या) कादंबरीकर्तीचा तिच्या साहित्याबद्दल गौरव केल्याची बातमी वाचली, तेव्हा आपण फ्लेमिश साहित्याचे एक पानही वाचलेले नाही, याची परभणीत मराठी शिकवणाऱ्या मला लाज वाटली. त्या बाईंचे पुस्तक इंग्रजीत मिळेना, म्हणून दुसऱ्या एका फ्लेमिश लेखिकेची, लीझे स्पिट यांची, 'हेट स्मेल्ट' (म्हणजे 'ते वितळते') ही पहिली कादंबरी क्रिस्टन गेरमन यांच्या इंग्रजी अनुवादात मागवली. दुकानदाराने आठ दिवसांचा वायदा करून पाच आठवडे लावले आणि प्रत आली तीही कोपरा दुमडलेली. पण पुस्तकाने ती कसर भरून काढली.

निवेदिका एव्हा हिवाळ्यात ब्रसेल्सहून आपल्या बोवेनमेर या गावाकडे निघते, आणि तिच्या गाडीच्या डिकीत बर्फाची भली मोठी लादी असते. लादी कशासाठी, हे लेखिका शेवटपर्यंत हातचे राखून ठेवते. आपल्याकडे लादी म्हणजे भुशात घालून बारदानाने झाकलेली, लग्नघरी किंवा रसवंतीवर टोच्याने फोडायची वस्तू. ती वितळायच्या आत पोचवण्याची धांदल ज्याने केली आहे, त्याला या प्रवासाचा ताण वेगळा समजावून सांगावा लागत नाही. (मूळ पुस्तक २०१६च्या आरंभी निघाले, त्याच उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत होते, हे वाचताना सारखे आठवत राहिले.)

दुसरा धागा २००२च्या उन्हाळ्याचा आहे. गावात एकाच वर्षी जन्मलेली तीनच मुले, एव्हा, पिम आणि लॉरेन्स, आणि वयात येताना त्यांनी मांडलेला एक क्रूर खेळ. तो खेळ वाचवत नाही. कोवळ्या मनाच्या वाचकाने जपून हात घालावा. मला त्याहून भिडली ती एव्हाची धाकटी बहीण टेसी, जी दारूत बुडालेल्या घरात स्वतःच घालून घेतलेल्या नेमांत अधिकाधिक अडकत जाते आणि जिच्याकडे बघायला घरातल्या एकाही मोठ्या माणसाला सवड नसते. गाव म्हणजे आपुलकी, हा आपल्या ग्रामीण साहित्यातला एक लाडका समज इथे पार मोडून पडतो. मधली शंभरेक पाने मात्र लांबली आहेत. तपशिलांची हौस तिथे कथेला भारी पडते.

माझी खरी तक्रार भाषेची आहे. स्पिट यांची डच बेल्जियमच्या वळणाची, प्रकाशक मात्र नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टरडॅमचा. आपल्याकडचा लेखक हस्तलिखित घेऊन पुण्या-मुंबईकडे पाहतो, त्यातलाच हा प्रकार. इंग्रजीत ही मुले ज्या तऱ्हेने बोलतात, ती मुले जगातल्या कुठल्याही गावची असू शकली असती. 'काय करू लालास' याचे 'काय करतो आहेस' केले की अर्थ पोचतो आणि लातूर-नांदेडकडचे लेकरू हरवते, तसेच काहीसे इथे झाले असावे, असा संशय पानोपानी येतो.

आणि इथेच सुरुवातीला सांगितलेल्या त्या गौरवाचे मोल मला कळले. बेल्जियममधल्या गेंटचे विद्यापीठ १८१७ साली स्थापन झाले, पण फ्रेंचच्या जागी भोवतालच्या लोकांची डच ही तिथली शिक्षणभाषा व्हायला १९३० साल उजाडले. १४२५ साली सुरू झालेले तिथल्याच लुवेनचे विद्यापीठ तर डच-फ्रेंच भाषेच्याच वादातून १९६८ साली दुभंगले. निजामाच्या राज्यात १९१८ साली निघालेल्या उस्मानियात शिकवण्याची भाषा उर्दू होती, आणि मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. आजोबांच्या पिढीला ज्या भाषेत पदवी घेता येत नव्हती, त्या भाषेत लिहिणाऱ्या बाईला विद्यापीठाने सन्मानाने बोलावणे ही आपल्या भागात नुसती शाल-श्रीफळाची बाब म्हणून वाचता येत नाही.

अनुवाद ओघवता आहे, छपाई स्वच्छ आहे, अक्षर चष्मेवाल्यांना जरा बारीक पडेल. कुणी हे पुस्तक थेट डचमधून मराठीत आणणार असेल, तर बोवेनमेरच्या पोरांच्या तोंडी पुण्याची मराठी घालू नये, एवढी विनंती आहे. माझी प्रत सध्या एम.ए.च्या एका विद्यार्थिनीकडे आहे आणि शेवट सांगू नका म्हणून तिने मला बजावले आहे.