दख्खनच्या फार्सी-अरबी पोथ्यांसाठी फेलोशिप: प्रिन्स्टन, ऑक्सफर्ड की चार्ल्स वॉलेस?

आदिलशाहीवर पीएच.डी. करणाऱ्यांनी फेलोशिपची रक्कम नंतर बघावी. आपल्या पोथ्या कुठल्या कपाटात आहेत, हे आधी शोधावं.

प्रिन्स्टनचा संग्रह मोठा आहे. अरबी, फार्सी आणि ऑटोमन तुर्की मिळून सुमारे 10,000 हस्तलिखितं, त्यांतला मोठा वाटा रॉबर्ट गॅरेट यांनी 1942 मध्ये दिलेला. ग्रंथालयाचं संशोधन अनुदान मात्र अल्पमुदतीचं, काही आठवड्यांपुरतं. विषय फिक्ह (इस्लामी कायदेशास्त्र), अरबी व्याकरण किंवा वैद्यक असेल तर बेलाशक इथे अर्ज करा. फक्त आपली पोथी ऑनलाइन आहे का, ते आधी तपासा. घरी बसून वाचता येणाऱ्या पोथीसाठी प्रवासखर्च कोण देईल?

ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाची बहारी फेलोशिप फार्सी ग्रंथकलेसाठी आहे. चित्रं, सुलेखन, कागद, बांधणी यांवर काम करणाऱ्याला याहून चांगली जागा क्वचितच मिळेल. राजकीय इतिहासाचा विषय इथे ओढूनताणून बसवू नये.

माझा कौल चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टला. हे अनुदान कुठल्या एका ग्रंथालयाशी बांधलेलं नाही. भारतात राहणाऱ्या भारतीय संशोधकाला ब्रिटनमधल्या छोट्या अभ्यासदौऱ्यासाठी ते मिळतं, आणि कुठे बसून वाचायचं ते आपण ठरवायचं. दख्खनच्या अभ्यासकाला नेमकं हेच हवं असतं, कारण विजापूरच्या आसार महालातला ग्रंथसंग्रह 1853 मध्ये लंडनला गेला आणि आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातल्या कित्येक पोथ्यांवर आदिलशाही ग्रंथालयाच्या मोहरा (शिक्के) आणि हाताने लिहिलेल्या नोंदी आहेत. ऑटो लोथ यांच्या 1877 च्या सूचीत अरबी पोथ्यांची माहिती मिळते, पण पुसट मोहोर वाचायला पान उजेडात तिरकं धरून बघावं लागतं. दरबारात कोण काय वाचत होतं, हे तिथूनच उलगडतं. रक्कम खर्चाला हातभार म्हणूनच धरा, लंडन महाग आहे. ब्रिटिश लायब्ररीचं वाचकपत्र मोफत मिळतं. 2023 च्या सायबर हल्ल्याने तिथली व्यवस्था विस्कळीत झाली होती, तेव्हा हवी ती हस्तलिखितं बघायला मिळतील ना, हे तिकीट काढण्याआधी ईमेलने विचारून घ्या.

अर्जात ‘दख्खनी संस्कृतीचा अभ्यास’ असं मोघम लिहू नका. पोथ्यांचे क्रमांक द्या, प्रत्येकीत काय शोधणार ते एका ओळीत सांगा. आणि शिकस्ता लिपी (फार्सीची घाईने, जोडून लिहिलेली वळणं) वाचताना अडखळत असाल, तर यंदाचा अर्ज सोडून वर्षभर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातल्या फार्सी कागदांवर हात बसवा.