मिशा मोठं झाल्यावर येतात, साहेब

घरी माशांची दोन फुटी टँक आहे, काचेवर शेवाळ चढलंय आणि ते खायला सकर (तोंडाने काचेला चिकटणारा मासा) आणायचा विचार चाललाय असं असेल तर आधी हे वाचा, मी ७०० रुपये घालवून शिकलोय.

आमची टँक २४ बाय १२ बाय १५ इंच, म्हणजे ७० लिटरच्या आसपास, आणि ती खिडकीसमोरच (वन बीएचकेत दुसरी जागा कुठली) त्यामुळे काच सारखी हिरवी. साधा सकर फूटभर नाहीतर त्याहून मोठा होतो हे मला माहीत होतं, म्हणून मी मुद्दाम ब्रिस्टलनोज शोधत होतो, ही सकरची छोटी जात, ४-५ इंचांवर थांबते. म्हणजे अगदीच येडा बनून गेलो नव्हतो.

दुकानवाल्याने पुढच्या टँकमधला एक मस्त नर दाखवला, नाकावर मिशांचं झुडूपच, आणि बोलला याचीच पिल्लं आहेत, तोवर पोऱ्याने मागच्या कुठल्यातरी टँकमधून दोन पकडून पिशवीत भरली पण. दीड-दोन इंचाची, काळपट. मी विचारलं मिशा कुठायत? "मिशा मोठं झाल्यावर येतात, साहेब." आणि हे खरंय हो, ब्रिस्टलनोजच्या पिल्लांना मिशा नसतातच! ३५० ला एक, जीपे केलं आणि पिशवी छातीशी धरून ट्रेनने भांडुपला.

दोघांतला एक महिन्याभरात मेला. उरलेल्याचं नाव मुलीने वॉचमन ठेवलं, कारण दिवसभर लाकडाखाली झोपायचा आणि रात्री राउंड मारायचा. सुरुवातीला काच खरंच चकाचक झाली. सहा महिन्यांत वॉचमन ५ इंच, मिशांचा पत्ता नाही. परत दुकानात गेलो तर म्हणे मादी आहे, मादीला मिशा नसतात. हेही जवळपास खरंच, मादीला नसतात नाहीतर अगदी बारीक असतात. याची कमाल हीच, माणूस खोटं एकदाच बोलला, पहिल्या दिवशी, त्यानंतर सगळं खरंच सांगत होता, मग मी त्याला पकडणार कुठे?

दीड वर्षात ८ इंच. वळायला गेला की झाडं उपटली जायची, काचेवरच्या शेवाळाकडे ढुंकून बघेना, माशांच्या खाण्याची वेफर आणि उकडलेली काकडी पाहिजे, आणि घाण एवढी की फिल्टर दर चार दिवसांनी धुवायचा. मग टँकमधल्या एंजलच्या (हा चपटा, संथ मासा) अंगावर पांढरे चट्टे दिसायला लागले, मी फंगस समजून औषध टाकत बसलो. एकदा रात्री दोनला पाणी प्यायला उठलो, सहज टॉर्च मारला तर वॉचमन एंजलच्या कुशीला चिकटलेला! मोठे सकर चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडून खातात, खासकरून पोट भरत नसेल तर.

बरीच वर्षं मासे पाळणाऱ्या एका ओळखीच्याला फोटो पाठवला. तो बोलला पाठीवरच्या फिनच्या काड्या मोज, पुढचा जाड काटा सोडून. ब्रिस्टलनोजला साधारण ७ असतात, बाजारात सर्रास मिळणाऱ्या मोठ्या सकरला १० किंवा जास्त, म्हणून त्याचं फिन उघडलं की शिडासारखं दिसतं. मोजल्या, १२ भरल्या. हे पिल्लातसुद्धा बघता येतं, फिन उघडेपर्यंत दुकानात थांबायची तयारी पाहिजे फक्त.

शेजारचे काका बोलले पवई तलावात सोडून ये. अजिबात नाही! हा दक्षिण अमेरिकेतला मासा, पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात असाच पसरलाय, अंगावरच्या काट्यांनी जाळी फाडतो, काठाच्या मातीत बिळं करतो. बादलीत घालून रिक्षाने दुकानात परत नेला. पैसे तर सोडाच, "एवढा मोठा कोण घेणार, ठेवून जा फुकट." मी जीपेचं पेमेंट दाखवलं, तर त्यात फक्त रक्कम, काय घेतलं ते कुठे लिहिलंय? बिल मागायचं सुचलंच नव्हतं. ठेवून आलो. पंधरा दिवसांनी तिथून जाताना बघतो तर वॉचमन चार फुटी टँकमध्ये, काचेवर स्केचपेनने ९०० लिहिलेलं.

आता परत ब्रिस्टलनोज घ्यायला निघालो तेव्हा एकच अट ठेवली, बिलावर माशाची जात लिहून द्या. दोघांनी सरळ नाही म्हटलं, तिसऱ्याने दिलं लिहून, पण काड्या तिथेही मोजल्याच.