पाँडिचेरी ते ऑरोव्हिल हाफ-डे गाइडेड टूर: जागेला चार स्टार, गाइडच्या बोलण्याला दीड

पाँडिचेरीला गेलेला मराठी माणूस बीच, आश्रम, फ्रेंच कॉलनी करून अर्धा दिवस ऑरोव्हिलला, म्हणजे श्री अरविंदांच्या विचारांवर वसवलेल्या, देशोदेशीच्या लोकांच्या वसाहतीला काढतोच, आम्हीपण काढला. हॉटेलवाल्याने एका टूरवाल्याची गाइडसकट टूर लावून दिली. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण मला त्या एका माणसाचं नुकसान करायचं नाही, मला जे म्हणायचंय ते बोलण्याच्या एका पद्धतीबद्दल आहे.

गाडी वेळेवर आली, एसी चालू, ड्रायव्हर नीट चालवणारा, अंतर दहा-बारा किलोमीटर, त्यात काही बिघडलं नाही. व्हिजिटर्स सेंटरला उतरायचं, छोटी फिल्म बघून फुकट पास घ्यायचा, मग झाडांतल्या वाटेने साधारण किलोमीटरभर चालत व्ह्यूइंग पॉइंट, तिथून मातृमंदिराचा, म्हणजे ध्यानाला बसायच्या वास्तूचा, सोनेरी गोल दिसतो. आत बसायचं असेल तर आधीपासून वेगळं बुकिंग लागतं, आमच्या टूरमध्ये ते नव्हतं, त्यामुळे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.

आता गाइड. माणूस सज्जन, आवाज छान, तळमळ खरी, हे आधीच सांगते. पण चालता चालता तो जे बोलत होता ते सगळं असं की ही मानवतेची भूमी आहे, इथे सीमा नाहीत, भेद नाहीत, इथे सगळे एका चेतनेने जोडलेत, इथे फक्त माणूस माणसाला भेटतो. आमच्यातले काही जण माना डोलवत होते. आमची आत्या कितीतरी वर्षं तिच्या सोसायटीची सेक्रेटरी होती, तिने सरळ विचारलं, अहो दादा, ही घरं कोणाच्या नावावर असतात? तो म्हणाला, "माताजी, यहाँ सब कुछ मानवता का है." आत्या म्हणाली ते ठीक आहे हो, पण खर्च कोण भरतं? तर "यहाँ पैसे का नहीं, प्रेम का व्यवहार है." आत्या गप्प बसली. मला मात्र राग आला, कारण अख्ख्या ग्रुपमधला सगळ्यात चांगला प्रश्न तिचा होता आणि त्याला चक्क उत्तर आहे.

उत्तर असं की जमीन आणि इमारती ऑरोव्हिल फाउंडेशनकडे आहेत, आणि हे फाउंडेशन संसदेने १९८८ साली केलेल्या कायद्याने झालंय. राहणारा माणूस घर बांधायला स्वतःचे पैसे घालतो, त्यात राहतो, पण घर त्याच्या मालकीचं होत नाही, आपल्यासारखं बाजारात विकताही येत नाही. नवीन माणसाला आधी न्यूकमर म्हणून काही काळ काढावा लागतो, मग त्याला घ्यायचं की नाही ते ठरतं, आणि सामायिक खर्चाला दर महिन्याला हातभार लावावा लागतो. एवढं सांगितलं असतं ना, तर एकता म्हणजे काय ते आत्याला तिथल्या तिथे समजलं असतं. स्वतःच्या पैशाने बांधलेलं घर आपलं नाही हे मान्य करून राहायचं ही केवढी मोठी गोष्ट आहे, आमच्या सोसायटीत पार्किंगच्या एका पट्ट्यावरून भाऊ भाऊ बोलत नाहीत!

एकट्या गाइडला दोष देऊन पण चालणार नाही, ही भाषा वरूनच आलीये. २८ फेब्रुवारी १९६८ ला ऑरोव्हिलचं उद्घाटन झालं तेव्हा १२४ देशांची आणि भारतातल्या राज्यांची माती तरुण मुलामुलींनी आणून संगमरवरी कलशात टाकली, आणि माताजींनी म्हणजे श्री अरविंदांच्या सहकारी आणि ऑरोव्हिलच्या संस्थापक मीरा अल्फासा यांनी पाँडिचेरीतल्या आपल्या खोलीतून चार्टर, म्हणजे ऑरोव्हिलची सनद, वाचून दाखवला, तो आकाशवाणीवरून तिथे ऐकवला गेला. मातीची कल्पना मला मनापासून आवडते, कारण माती हातात येते, कुठून आली ते सांगता येतं. चार्टरचं तसं नाही. पहिलंच कलम म्हणतं की ऑरोव्हिल कोणा एकाचं नाही, सगळ्या मानवजातीचं आहे, आणि लगेच पुढे अट, की इथे राहायचं तर दिव्य चेतनेचा सेवक स्वखुशीने व्हायला हवं. मग अखंड शिक्षण, कधी म्हातारं न होणारं तारुण्य, भूत आणि भविष्यातला पूल, आणि शेवटी प्रत्यक्ष मानवी एकतेसाठी संशोधन. सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण दिव्य चेतनेचा सेवक कोण आहे आणि कोण नाही हे कोणी ठरवायचं, दोघांचं पटलं नाही तर निकाल कोणी द्यायचा, यावर एक ओळ नाही.

आणि पटलं नाहीच. १९७३ मध्ये माताजी गेल्या आणि थोड्याच काळात तिथले रहिवासी आणि सुरुवातीपासून कारभार बघणारी संस्था श्री अरविंद सोसायटी यांच्यात ताबा, पैसा, अधिकार यावरून जुंपली, इतकी की १९८० मध्ये केंद्र सरकारला कायदा करून व्यवस्थापन हातात घ्यावं लागलं. त्याविरुद्ध सोसायटी सुप्रीम कोर्टात गेली, म्हणणं असं की आम्ही धार्मिक संप्रदाय आहोत, सरकारने यात पडू नये. १९८२ मध्ये कोर्टाने बहुमताने सांगितलं की श्री अरविंदांची शिकवण हा धर्म नाही. विचार करा, जे लिहिणाऱ्यांनी उघडं ठेवलं ते शेवटी न्यायाधीशांना ठरवावं लागलं.

ताजं उदाहरण क्राउन रोडचं. मूळ प्लॅनमध्ये शहराच्या मध्यभागाभोवती फिरणारा एक गोल रस्ता आहे, त्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये जेसीबी आले, झाडं पडली, काही रहिवासी आडवे उभे राहिले, पोलीस आले. प्रकरण पर्यावरणाचे खटले बघणाऱ्या हरित लवादाकडे गेलं, तिथून सुप्रीम कोर्टात, आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने लवादाचा आदेश रद्द केला. यात एक बाजू म्हणते रस्ता होऊ दे, माताजींचं स्वप्न पन्नास हजारांच्या शहराचं होतं (सध्या तिथे तीन हजारांच्या आसपास लोक आहेत, साठेक देशांचे). दुसरी म्हणते जंगल वाचवा आणि सगळ्यांच्या संमतीने पुढे जा, माताजींचं स्वप्न तेच होतं. दोन्हीकडे तेच शब्द, तीच माणुसकी, तीच एकता! शब्द इतके सैल ठेवले की कोणीही घालावेत आणि सगळ्यांना बसावेत, तर भांडणाच्या वेळी ते कोणालाच आवरत नाहीत. मला वाटतं यातलं थोडं तरी टळलं असतं, जर सुरुवातीलाच कोणीतरी साध्या शब्दात लिहिलं असतं की झाड पाडायचं तर कोणाकोणाची सही लागेल.

याच्या अगदी उलट तिथलं काम आहे, आणि तेच टूरमध्ये जवळजवळ नव्हतं. सुरुवातीला तिथे लाल उघडं माळरान होतं, पाऊस आला की माती घळीतून वाहत थेट समुद्रात. लोकांनी बांध घातले, खड्डे खणले, पाणी वाहून आणून झाडं जगवली, आधी पटकन वाढणारी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून सावली केली आणि तिच्या आडोशाने मूळची स्थानिक झाडं वाढवली. डिसेंबर २०११ च्या चक्रीवादळात त्या बाभळी मोठ्या प्रमाणावर कोसळल्या तरी जंगल आहेच, तुम्ही त्याच सावलीतून चालत जाता. सोलर किचन आहे, छतावर १५ मीटर व्यासाची स्थिर वाटी, तिच्यावर पडलेलं ऊन एका नळीवर गोळा होतं, ती नळी सूर्याप्रमाणे सरकते, वाफ तयार होते आणि हजारेक माणसांच्या जेवणाच्या स्वयंपाकाला ती वापरतात. एका पंगतीत कोणकोणत्या देशांची माणसं जेवतात हे गाइडने सांगितलं असतं तर सीमा नसलेलं जग वगैरे म्हणायची गरजच नव्हती.

आणि आजूबाजूची गावं. कुयिलापालयम, एडयनचावडी, इथून रोज हजारो तमिळ माणसं ऑरोव्हिलमध्ये कामाला येतात, बाग, स्वयंपाक, बांधकाम, वर्कशॉप. गावातल्या मुलांसाठी शाळा चालतात, बायकांचे बचत गट आहेत, हे चांगलंच आहे. पण त्या सगळ्या मानवजातीत गावातून कामाला येणाऱ्या एखाद्या बाईचं पगारपत्रक कुठे बसतं, निर्णयाच्या सभेत तिला बोलता येतं का, हा प्रश्न मानवता म्हटलं की दिसेनासा होतो, आणि मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. कारण सगळ्यांचं म्हटलं की ज्याचं काहीच नाही त्याला वेगळं विचारावंच लागत नाही.

मराठी ग्रुप समोर असताना तर गाइडकडे किती चांगला माल होता. श्री अरविंद १३ वर्षं बडोद्यात होते आणि १९०८ च्या सुरुवातीला तिथेच त्यांना विष्णु भास्कर लेले नावाचे आपले मराठी योगी भेटले. लेल्यांनी काय सांगितलं, तर बस, विचार करू नकोस, नुसतं मनाकडे बघ, विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरायच्या आधी त्यांना हाकलून दे. बास. काय करायचं ते स्पष्ट, म्हणून करून बघता येतं, आणि तीन दिवसांत मन शांत झालं असं अरविंदांनी स्वतः लिहून ठेवलंय. अध्यात्म म्हणजे धूसर बोलणं असं अजिबात नाही. तसंच एकतेचं. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केलं, मागणी एवढीच की विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य मानलेल्या लोकांना उघडा. कुठलं दार, कोणासाठी, कोणी उघडायचं, सगळं समोर, त्यामुळे समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागलं, आणि देऊळ उघडलं. नुसतं आपण सारे एक म्हटलं असतं तर बडव्यांनीपण मान डोलावली असती.

तर सल्ला असा. ऑरोव्हिलला जरूर जा, पण ही टूर घेऊ नका, स्कूटर भाड्याने घ्या किंवा रिक्षा करा, सकाळी लवकर निघा म्हणजे ऊन लागत नाही. व्हिजिटर्स सेंटरला घाई न करता वाचत फिरा, तिथे बरीच ठोस माहिती मिळते. मोठ्या माणसांना चालायला त्रास असेल तर परतीच्या गाडीची सोय आधी विचारून ठेवा, आमच्या आत्याचे गुडघे त्या दिवशी फार दुखले. आणि गाइड घेतलाच तर गाडीत बसल्या बसल्या त्याला सांगा की चेतना आणि ऊर्जा आम्ही आमचं बघून घेऊ, तुम्ही आम्हाला घरं कोणाची, पाणी कुठून येतं, मुलं कुठल्या शाळेत जातात आणि भांडण झालं की कोणाकडे जातात एवढं सांगा.