पुण्याहून मालवण: किनाऱ्याने जावं की आंबोलीवरून?

गाडी स्वतःची आहे आणि पोचायची घाई नाही, असं धरून लिहितोय. लवकर पोचायचं असेल तर गगनबावडा आहेच. रमतगमत जायला माझ्या मते दोन वाटा: ताम्हिणी उतरून श्रीवर्धनपासून सागरी मार्ग धरायचा, नाहीतर कोल्हापूर-आजरा-आंबोली करत सावंतवाडीत उतरायचं.

किनाऱ्याची खरी मजा खाड्यांची. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, या तीन ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवून सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री ओलांडायच्या. बोट पलीकडे असेल तर धक्क्यावर थांबायचं, दुसरा इलाज नाही. त्यामुळे वेग आपोआप उतरतो आणि मधली गावं पदरात पडतात: केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हेदवीचा दशभुज गणेश. हर्णैला संध्याकाळी पोचाल असं बघा. समोर सुवर्णदुर्ग, वाळूत मासळीचा लिलाव, आणि त्या गोंगाटात भाव कोण ठरवतं हे शेवटपर्यंत कळत नाही! रत्नागिरीत थिबा राजवाडा चुकवू नका. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशातून हद्दपार केलेला राजा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. त्याचा वाडा आतून तसा साधाच आहे, पण जवळच्या थिबा पॉइंटवरून खाडी बघताना माणूस गप्प होतो. रत्नागिरीच्या पुढे पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड. तिकडच्या खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे वेग वाढतो.

जेवणाचं मात्र आधी ठरवावं लागतं. घरगुती खानावळीत सकाळी फोन करून माणसं सांगायची. ऐन दुपारी दारात उभं राहिलात तर नुसता आमरस-पोळीचा वास मिळेल.

घाटवाटेवर ही कटकट नाही. कोल्हापूरपर्यंत साधारण २३० किलोमीटरचा महामार्ग, खायला हवं तिथे थांबा. अडचण अशी की हा रस्ता थांबू देत नाही. कऱ्हाडचा प्रीतिसंगम दोन मिनिटांच्या वळणावर असूनही लोक सुसाट पुढे जातात. थोडी वाट वाकडी करून खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बघा: खांबांच्या स्वर्गमंडपाला मधोमध गोल आभाळ मोकळं सोडलंय, आणि महादेवाचं देऊळ असून समोर नंदी नाही. मग आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घ्यायचा आणि आंबोली. हिरण्यकेशीच्या उगमाला नक्की जा. तिथे सापडलेल्या माशाची नवी जात २०२० मध्ये जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ ठरली.

पावसाळ्यात निर्विवाद आंबोली, पण शनिवार-रविवार सोडून. धबधब्याखाली तेव्हा माणसंच जास्त वाहतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मग हर्णैला लिलाव कुठला? नोव्हेंबर ते फेब्रुवारी किनारा.

हाताशी दोनच दिवस असतील, किंवा सोबत गाडी लागणारं कोणी असेल, तर आंबोली. किनाऱ्याचे रस्ते अरुंद आणि सतत वळणांचे, त्याला चार दिवस तरी द्यावेत. 'जाताना एक, येताना दुसरी' हा सल्ला बरेच जण देतात. मला पटत नाही. परतताना घराची ओढ असते, खिद्रापूर हमखास राहतं.

किनारा ठरलाच तर दाभोळच्या शेवटच्या बोटीची वेळ दुपारीच विचारून ठेवा. ती चुकली की चिपळूणवरून वळसा, तोही अंधारात.