बारवेसाठी पैसा कुठून आणायचा? सीएसआर, सरकारी निधी की लोकवर्गणी

जुनी वास्तू वाचवायला एकत्र आलेली माणसं पहिल्याच बैठकीत विचारतात, "अनुदान कुठं मिळेल?" मी म्हणतो, आधी सातबारा काढा. वास्तू कोणाच्या नावावर आहे आणि ती संरक्षित आहे का, यावरच पैशाची वाट ठरते. मराठवाड्यात हा गुंता जास्तच आहे. इनामी जमिनी, देवस्थानं, वक्फ, वारसांत वाटले गेलेले वाडे, सगळंच आहे. बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, ग्रामपंचायतीची आणि तिच्याकडे जाणारी वाट खाजगी शेतातून, असंही असतं.

वास्तू केंद्राच्या १९५८च्या किंवा राज्याच्या १९६०च्या कायद्याखाली संरक्षित असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिथला चिरासुद्धा हलवता येत नाही. जिल्हा वार्षिक योजनेत गडकिल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांसाठी ३ टक्क्यांपर्यंत निधी राखण्याची सोय आहे, पण तो तुमच्या खात्यावर येत नाही. काम पुरातत्त्व खातं करतं. तुमच्या वाट्याला येतो तो पाठपुरावा: ग्रामसभेचा ठराव, फोटो, जिल्हाधिकारी आणि पालकमंत्र्यांना निवेदन. हे काम हलकं समजू नका. निवेदन गेलं नाही, तर आपल्या तालुक्याचं नाव यादीत येतच नाही.

दोन योजनांची नावं ऐकून अनेक संस्थांची गल्लत होते. एक केंद्राचा राष्ट्रीय संस्कृती निधी, स्थापना १९९६. दुसरी राज्याची 'महाराष्ट्र वैभव' संगोपन योजना. दोन्हींकडे अनुदान म्हणून पाहू नका, कारण दोन्हींत पैसा बाहेरून आणावा लागतो. संस्कृती निधीत देणगीदार स्मारक निवडू शकतो, त्याला देणगीवर १०० टक्के करवजावट मिळते आणि काम करारानुसार होतं. मोठा उद्योगसमूह ओळखीचा असेल आणि स्मारक केंद्राच्या ताब्यातलं असेल, तर ही वाट चांगली. 'वैभव'मध्ये राज्य संरक्षित स्मारकाचं पालकत्व ठराविक मुदतीसाठी मिळतं, मालकी सरकारचीच राहते. नळदुर्गचा किल्ला याच योजनेत सोलापूरच्या एका खाजगी कंपनीकडे गेला. एवढा मोठा किल्ला सांभाळायला तेवढं भांडवल लागतं. पाच-पंचवीस सभासदांच्या संस्थेने त्यात उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता असंरक्षित वास्तू. आपल्याकडच्या बहुतेक बारवा, वेशी, गढ्या, दीपमाळा यातच मोडतात आणि खरी निवड इथेच करायची असते: सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च, की लोकवर्गणी?

कंपनी कायदा, २०१३च्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारती आणि स्थळांचा जीर्णोद्धार स्पष्ट लिहिलेला आहे. शाळा-दवाखान्यांचाच विषय आहे, असं कोणी म्हणालं तर ही नोंद दाखवा. ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो. संस्थेकडे आयकर खात्याची १२-ए (संस्थेला करमाफी) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, शिवाय कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी हवी, लेखापरीक्षण वेळेवर झालेलं हवं. आर्थिक वर्षाचा आराखडा सुरुवातीलाच ठरतो, म्हणून जानेवारीत चालू वर्षाच्या पैशासाठी धावपळ करण्यापेक्षा पुढच्या वर्षासाठी एप्रिलच्या आधी भेटा.

आमचा पहिला प्रस्ताव याच वाटेवर अडला. नकाशे होते, अंदाजपत्रक होतं. पण मालकाचं ना हरकत पत्र साध्या कागदावर होतं आणि एका वारसाची सही राहिली होती. कंपनीने फाइल परत केली. वर्ष गेलं, आणि त्या पावसाळ्यात वास्तूची पूर्वेकडची भिंत खचली. ते आजही मनाला लागतं.

कंपन्या स्थानिक भागाला प्राधान्य देतात, ही दुसरी अडचण. वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहती किंवा जालन्याचा स्टील उद्योग यांच्याजवळच्या गावाला दार ठोठावायला जागा आहे. हिंगोली-परभणीच्या आतल्या खेड्याला फारशी नाही.

तिथे लोकवर्गणीच. परभणी जिल्ह्यात चारठाण्याची बारव गावकऱ्यांच्या श्रमदानातून मोकळी झाली, हे उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. गाळ, झुडपं, कचरा काढायला अनुदान लागत नाही; ट्रॅक्टर, डिझेल आणि जेवणाची सोय लागते. पण निखळलेले चिरे बसवायचे तर वास्तुसंवर्धनाचा जाणकार हवा, आणि तिथे वर्गणी कमी पडते. देणगीदाराला ८०-जीची पावती द्या, मात्र नव्या करप्रणालीत व्यक्तीला तिचा फायदा नाही, हेही खरं सांगा. २००० रुपयांवरची रोख देणगी तर त्या सवलतीत बसतच नाही.

परदेशी निधीचा मोह होतो. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षांचं जुनेपण आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. नव्या संस्थेने सध्या तो विषय बाजूला ठेवावा.

मी स्वतः निवडायचं म्हटलं, तर असंरक्षित बारवेसाठी आधी वर्गणी काढून गाळ काढेन, आणि त्यातलेच काही पैसे मोजणी, नकाशे आणि फोटोंवर खर्च करेन. वर्गणीतून आधी रंग लावायची घाई गावाला असते, ती थांबवावी लागते. ते नकाशे, ग्रामपंचायतीचा ठराव आणि सगळ्या वारसांच्या सह्या घेऊन मग कंपनीकडे जाईन. अंदाजपत्रकात सिमेंट दिसलं तर ते तिथेच खोडा. बिनचुन्याच्या सांध्यांतून झऱ्याचं पाणी झिरपून बारवेत येतं. सिमेंटने सांधे बुजवले की ते पाणी भिंतीमागे साठतं आणि भिंत आत ढकलली जाते. चुन्याचं बांधकाम असलेल्या वाड्यासाठी चुना मळायच्या घाण्याची आणि जाणत्या गवंड्याची मजुरी वेगळी धरा. मंजुरीनंतर ती वाढवून मिळत नाही.