सुर्ल्याचा सडा, वज्राचा वझर आणि सव्वा तास उशिरा आलेली बस

ऑक्टोबरात एका ग्रुपबरोबर गोव्याच्या सीमेवरच्या चोर्ला घाटात एक दिवसाचा वॉक केला. माणशी १४०० रुपये, त्यात बस, नाश्ता, जेवण, फॉरेस्टचं परमिट, गाईड सगळं आलं. ग्रुपचं नाव लिहीत नाही कारण पोरं वाईट नाहीत, फक्त त्यांना घड्याळ बघता येत नाही.

साखळीला सहाला या म्हणाले. मी फोंड्याहून भावाची झोप मोडून त्याच्या बाइकवर पावणेसहाला हजर, बस आली सव्वासातला, मग भाजी-पाव, मग कोणाचा तरी पॉवरबँक राहिला म्हणून परत मागे. केरीवरून घाट चढताना खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसतं ते बघून जरा राग गेला, पण सुर्ला गावात उतरलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते आणि दरीत भरलेलं धुकं ज्याच्यासाठी लोक पहाटे उठून येतात ते कधीच वर निघून गेलं होतं. त्यात सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, सावलीला एक झाड नाही. छत्तीस माणसं, एक गाईड आणि एक ब्लूटूथ स्पीकर. अभयारण्यात स्पीकर कशाला हो?

तो स्पीकर बंद केला गाईडकाकांनी. गावातलेच, साठीच्या पुढचे, पायात साध्या रबरी चपला. ओरडले नाहीत, सरळ जाऊन म्हणाले, "बाबू, तुझं गाणं घरी पण वाजतं, इथला वारा घरी वाजणार नाही." पोरगा गप्प.

मग पुढचे दोन तास पैसे वसूल. जांभ्याच्या त्या काळपट खडकावर लांबून बघितलं तर काहीच नाही, गवत आणि दगड. काकांनी आम्हाला चक्क पोटावर झोपवलं. नखाएवढं लालसर झाड, पानांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका पानावर चिलटासारखा किडा अडकून पाय हलवतोय. दवबिंदू म्हणतात त्या झाडाला. जांभ्यावर माती बोटभर, तिच्यात कस नाही, म्हणून हे किडे खाऊन जगतं. मी इथे सत्तरी तालुक्यात लहानपणापासून आजोळी येते, हे कधी बघितलं नव्हतं, लाज वाटली थोडी.

कड्याजवळ गेल्यावर समोर वज्राचा वझर, म्हणजे धबधबा. फोटोत येत नाही, सोडून द्या. काळ्या भिंतीवरून पाणी खाली पडतंय आणि खालून वारा असा येतो की मधलं पाणी धूर होऊन परत वर. मी बघत चालले होते तर काकांनी हाताला धरून थांबवलं, "बाय, चालताना पायाकडे बघ, दरी बघायची तर आधी उभी राहा." कड्याला रेलिंग वगैरे काही नाही, लहान मुलं नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

तिथेच कोणीतरी विचारलं, वाघ दिसणार का. हे म्हादई अभयारण्य १९९९ चं, २०८ चौरस किलोमीटर, वाघ आहेतच, पण जानेवारी २०२० मध्ये याच अभयारण्यातल्या गोळावलीला चार वाघ विष घालून मारलेले सापडले होते हे विचारणाऱ्याला माहीत नसावं. काका काही बोलले नाहीत, तंबाखू-चुना मळत बसले.

परतीच्या झाडीत जळवा. लीच सॉक्सचे १५० रुपये वेगळे घेतले, आणि तरी माझ्या पोटरीला एक चिकटलीच. काकांनी मळलेला तंबाखू लावला, टपकन सुटली, पण रक्त तासभर वाहत होतं, तिच्या लाळेमुळे ते लवकर गोठत नाही. घाबरू नका, फक्त पांढरी पँट घालू नका.

जेवण गावातल्या एका घरात, उकड्या तांदळाचा भात, आळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोंडाक, म्हणजे रस्सा, सोलकढी. गरम, पोटभर. फक्त पावणेचारला, तोवर अर्धी मंडळी बिस्किटांवर.

पुन्हा जाईन, पण पाच-सहा जणं मिळून परमिट काढून, थेट काकांना पैसे देऊन. ग्रुपला पाचपैकी तीन, त्यातले अडीच काकांचे.

साखळीला परत आलो तेव्हा पावणेआठ. फोंड्याची कदंबा, म्हणजे सरकारी बस, गेली होती. भावाला फोन केला, तो आधी पाच मिनिटं हसला.