सिमेंट नाला बांध, कोल्हापुरी बंधारा की मातीचा बांध?

ग्रामसभेत नाल्यावरच्या कामाचा ठराव येणार असेल, तर ‘पाणी किती साठणार’ हे विचारण्याआधी पुराचं पाणी कुठून जाणार ते विचारा.

सिमेंट नाला बांधाच्या डोक्यावरून पूर गेला तरी चालतं. पाया खडकाला टेकलेला हवा आणि भिंत दोन्ही काठांत खोल शिरलेली हवी, एवढं बघा. साठा थोडाच, तोही गाळाने कमी होत जातो. दर उन्हाळ्यात गाळ उचलावा लागेल.

कोल्हापुरी बंधाऱ्यात पाणी जास्त मावतं, पण त्याला माणसं लागतात. पावसाळ्याआधी बरगे (खांबांच्या मधल्या फटीत बसवायच्या फळ्या) काढायचे, पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या सुमारास बसवायचे. उशीर झाला तर उरलेलं पाणी निघून जातं. घाईने बसवले आणि मोठा पाऊस आला, तर नदी बंधाऱ्याला वळसा घालून काठ कापते. आमच्याकडे एका शेतकऱ्याची काठाची जमीन अशीच गेली. ती अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. बरगे कुठे ठेवायचे, फटींतून पाणी गळू नये म्हणून लावलेलं रबर कोण बदलणार, मजुरी कोण देणार, हे ठरावातच लिहून घ्या. नाहीतर काही वर्षांत नुसते खांब उरतात. आणखी एक: भोगावती-पंचगंगेवर या बंधाऱ्यांना राधानगरी धरणातून सोडलेलं पाणी मिळतं. तुमचा नाला दिवाळीत आटत असेल, तर कोल्हापूरकडे बघून निर्णय घेऊ नका.

मातीच्या बांधात साठा सगळ्यांत मोठा, धोकाही. त्याच्या माथ्यावरून पाणी गेलं की माती वाहू लागते, म्हणून सांडवा, म्हणजे जादा पाणी बाजूने जायची वाट, प्रशस्त आणि मोकळा हवा. बांधावर झाडं वाढू देऊ नका. पायथ्याशी गढूळ पाणी झिरपताना दिसलं, तर आतली माती निघतेय असं समजा आणि खालची वस्ती लगेच हलवा. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण मातीचंच होतं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

यांतलं एकही काम मोठा पूर अडवत नाही. बांध आधीच भरलेले असतात. पाण्याचा लोंढा थोडाफार मंदावतो तो डोंगरउतारावर एकाच उंचीवर आडव्या खणलेल्या समतल चरांनी आणि दगडी बांधांनी. म्हणून निधी कमी असेल तर मी आधी डोंगरउतारावर चर घेईन, मग खाली सिमेंट बांधांची साखळी. बारमाही पाणी आणि बरग्यांची जबाबदारी घेणारा गट, दोन्ही असतील तरच कोल्हापुरी. मातीचा बांध वस्तीच्या वर नको.